घोड्याच्या अंगावर हलका हात: हे मालिशपेक्षा वेगळं कसं?

पागेवाली | रविवार, रात्री ९.१०

मागे खोगिरांच्या धाग्यावर मी 'हलका हात' असं काहीतरी लिहून गेले आणि तेव्हापासून व्यनि (खासगी निरोप) येताहेत, की नक्की करता काय, मालिशच ना? म्हणून हा धागा. मी पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलच्या पागेवर काम करते. पशुवैद्य नाही, फिजिओ नाही. खरारा, चंदी (दाणा), खोगिरांची निगा आणि त्यातून वेळ उरला की हे.

मालिश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जोर येतो. तळव्याने रेटायचं, कोपर लावायचं, करणारा घामाघूम झाला पाहिजे. इथे जोर जवळजवळ नसतोच, आणि त्यामागे कारण आहे. घोडा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडताना दिसतो त्याच्यावर आधी झडप पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी खिळलंय. दुखऱ्या जागी दाबलं तर एक तर तो कान मागे टाकून चावायला येतो, नाहीतर स्नायू आवळून निमूट उभा राहतो. ही दुसरी तऱ्हा जास्त फसवी. आपण म्हणतो, काय शहाणं जनावर आहे, हललंसुद्धा नाही! प्रत्यक्षात तो तुमच्या जोराला जोराने उत्तर देत असतो.

हात इतका हलका ठेवला, की त्याला विरोध करायला काही सापडतच नाही, तर तो आवळून धरत नाही. एवढंच या सगळ्याचं मर्म आहे. आणि एवढ्याशा स्पर्शाने काय कळणार त्याला, असं ज्यांना वाटतं त्यांनी घोड्याच्या अंगावर माशी बसताना बघावी. तेवढीच कातडी थरथरवून तो तिला उडवतो.

पद्धती बऱ्याच आहेत. लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी सत्तरच्या दशकात माणसांसाठीचं मोशे फेल्डनक्रायस यांचं काम शिकून ते घोड्यांकडे वळवलं. त्यांच्याकडे बोटांनी कातडी हलकेच सरकवत छोटी वर्तुळं काढतात, घड्याळाच्या सहावरून निघून पूर्ण फेरा आणि वर थोडं. जिम मास्टरसन हा दुसरा, अमेरिकन. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींच्या घोड्यांवर त्याने खूप काम केलंय. त्याने दाबाच्या पायऱ्या सांगितल्यात: हवेची फट (हात टेकला न टेकलासा), अंड्याचा बलक, द्राक्ष, मऊ लिंबू, कडक लिंबू. बलकाच्या पायरीला दाब एवढाच, की बलक फुटायला नको. नवशिक्याचा बलक हमखास लिंबाच्या पलीकडे असतो. आधी घरातल्या कुणाच्या तरी मनगटावर करून बघा आणि त्यांना विचारा.

आता प्रत्यक्ष. कानामागून, मानेच्या शेंड्यापासून सुरुवात. बोटांची टोकं टेकलीत न टेकलीत अशी, आयाळीच्या दोन-तीन बोटं खालून मानेवरून खाली, खांद्याच्या उंचवट्यामागून पाठीवर, कण्यापासून चार बोटं अंतर ठेवून, पुठ्ठ्यावरून, म्हणजे ढुंगणाच्या फुगीर भागावरून, मांडीच्या मागच्या खाचेत आणि मागच्या पायाच्या बाहेरच्या अंगाने खुरापर्यंत. ही रेघ चिनी ॲक्युपंक्चरमधली आहे. मेरिडियन-बिरिडियन, म्हणजे अंगातल्या ऊर्जेच्या वाटा, मी फारसं मनावर घेत नाही, पण घोड्याच्या एका बाजूचं सगळं महत्त्वाचं एका फेरीत हाताखालून जातं म्हणून रेघ सोयीची. वेग गोगलगायीचा. आणि नजर हातावर ठेवायची नाही, घोड्याच्या डोळ्यावर आणि ओठांवर ठेवायची.

कुठेतरी बोट आलं की तो डोळा मिचकावतो. किंवा खालचा ओठ ताणतो, श्वास धरतो, कान तिकडे वळवतो. तिथेच थांबायचं. दाब वाढवायचा नाही, जमल्यास कमीच करायचा. आणि वाट बघायची. अर्धा मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. मग तो जबडा हलवतो, ओठ चाटतो, लांब फुरफुरतो, मान खाली सोडतो. काही घोडे जांभयांवर जांभया देतात, डोळ्यांची बुबुळं पार मागे फिरवून. ते झालं की पुढे.

आमच्याकडे एक मारवाडी घोडी आहे, कुमैत रंगाची, शाळेतल्या मुलांची लाडकी. लगाम चढवताना डोकं वर उचलायची, म्हणून हट्टी ठरली होती. डाव्या कानामागे हात आला की तिची पापणी चटकन मिटायची आणि नाकपुडी गोल व्हायची, उजवीकडे काही नाही. तिथे मी हात हवेच्या फटीवर आणून नुसती उभी राहिले. बराच वेळ ती भिंतीकडे बघत होती. मग खालचा ओठ लोंबला, लाळेची तार सुटली आणि तिने एवढी मोठी जांभई दिली, की मागच्या दाढेची बाहेरची कड दिसली. टोकदार होती. दात कानसायला डॉक्टर बोलावले. आता लगाम घेते. जांभईने दाढ बरी झाली नाही, हे मुद्दाम सांगते. पण कुठे बघायचं ते कळलं.

प्रश्न विचारा. आणि कृपया याला 'एनर्जी हीलिंग' म्हणू नका, माझी चिडचिड होते.

मनमौजी | रविवार, रात्री ९.४२

वाचनखूण साठवली. घोडा आयुष्यात एकदाच, तोही महाबळेश्वरला वेण्णा लेकवर. तरी सगळं वाचलं.

रिसालदार_नगर | रविवार, रात्री १०.१५

ताई, लेख चांगला आहे, पण हे सगळं अमेरिकेतून आलं असं वाटू देऊ नका. आमचे आजोबा रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. परेडहून घोडा आला की आधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करायचा, खोगीर लगेच उतरवायचं नाही. पाठ हळूहळू निवू द्यायची. मग गवताचा पीळ देऊन घट्ट गुंडाळी करायची, ती ओलसर करायची आणि मानेवर, खांद्यावर, पुठ्ठ्यावर तालात आपटायची. आपटली की स्नायू आवळतो, उचलली की सुटतो. कंबरेवर आणि हाडांवर नाही, तिथे मारलेलं दिसलं तर जमादार त्याच गुंडाळीने शिपायाला मारायचा म्हणे. दमलेल्या घोड्याचे कान गार पडले असतील तर बुडापासून टोकापर्यंत मुठीतून ओढून ऊब येईपर्यंत सुकवायचे. पाय गुडघ्याखाली हाताने चोळायचे.

हे सगळं जोरकस होतं आणि घोडे त्यावर टिकले.

पागेवाली | रविवार, रात्री १०.३८

रिसालदार, जोरकस हाताला माझा विरोध नाही. गुंडाळीचं काम वेगळं आहे. ते निरोगी घोड्याच्या स्नायूला व्यायाम देतं, रक्त खेळवतं, कातडी चमकवतं. दुखणाऱ्या घोड्यावर तेच केलं तर तो आवळून बसेल. आणि कानांचं तुम्ही लिहिलंत ते टेलिंग्टन-जोन्स यांच्याकडेही जवळपास तसंच आहे, फक्त हळुवार. एकमेकांकडून घेतलं की आपापलं सुचलं, देव जाणे. घोडा तोच, कान तेच.

खवचट_खंडू | रविवार, रात्री ११.०५

माझ्या मानेला स्पॉन्डिलायटिस आहे, बायको म्हणते व्यायाम कर. घोड्याला मात्र दोन-दोन मिनिटं बोट टेकवून उभं राहायला माणूस! पुढच्या जन्मी पुण्याबाहेरच्या पागेत.

जनावरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७.२०

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी लिहितोय. पागेवालीबाईंनी दाताचं उदाहरण प्रामाणिकपणे दिलंय म्हणून बरं वाटलं. आता माझी बाजू, जरा कडक लागेल.

'अवघडलाय', 'पाठ धरलीय', 'आखडलाय' या तीन शब्दांखाली आमच्याकडे येणाऱ्या घोड्यांत स्नायूचं साधं दुखणं असलेले थोडेच. एका मालकाने घोडं आखडलंय म्हणून तेल लावून चोळणारा माणूस बोलावला होता. मी पोचलो तेव्हा घोडं लाकडी घोडवंचीगत चारी पाय फाकून उभं, शेपूट किंचित वर, नाकपुड्या ताणलेल्या. मी टाळी वाजवली आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी झर्रकन पुढे आली. धनुर्वात. खुरात जुना खिळा होता. घोड्याइतका धनुर्वाताला नाजूक पाळीव प्राणी दुसरा नाही, आणि लस स्वस्त आहे. चोळण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

दुसरं, सर्रा. पावसाळ्यात आणि नंतर घोडमाश्या वाढल्या की हा रक्तातला परजीवी पसरतो. अधूनमधून येणारा ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, घोडा खातो पण वाळत जातो, मागचा भाग लटपटतो. मालक म्हणतो कंबर गेली. कंबर गेलेली नसते, रक्त तपासावं लागतं.

तिसरं. एक-दोन दिवस बांधून ठेवलेला, चंदी मात्र पूर्ण खाल्लेला घोडा कामाला काढला आणि थोड्याच वेळात मागून आखडला, घाम फुटला, पुठ्ठे दगडासारखे झाले, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याला चालवू नका आणि चोळू तर मुळीच नका. स्नायू तुटून त्यातले घटक मूत्रपिंडात जात असतात. जागेवर उभा ठेवा, पाणी द्या, फोन करा.

तंग कसताना चावतो म्हणून छातीवर हात फिरवत बसलेले लोक मी पाहिलेत. बऱ्याचदा पोटात अल्सर असतो. दाणा जास्त, चारा कमी, तासन्तास उपाशी पोट.

म्हणून हात लावण्याआधी तीन गोष्टी बघायची सवय लावा. तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास हवं. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजा, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. हिरड्या गुलाबी आणि ओल्या. यात काही चुकलं, किंवा कुठे गरम सूज, अचानक लंगडणं, कातडीवर गाठी आणि त्यातून पू दिसला, तर हात खिशात. पुवाच्या गाठी ग्लँडर्सच्या असू शकतात आणि तो रोग माणसाला होतो.

नालबंदाचा_नातू | सोमवार, सकाळी ८.०१

डॉक्टरांशी सहमत, आणि त्यांच्या यादीत एक घालतो: खूर. खुराचं पुढचं टोक वाढलं, नाल दोन महिने तसाच राहिला, की घोडा पाय जपून टाकतो. पाय जपला की खांदा आवळतो, खांदा आवळला की मान. तुम्ही मान सोडवाल, आठवड्यात पुन्हा तिथेच. आमच्या आजोबांकडे गिऱ्हाईक पाठदुखीचा घोडा घेऊन यायचं तेव्हा ते घोड्याकडे न बघता आधी जुना नाल उलटा करून बघायचे, कुठल्या कडेला झिजलाय ते.

लालमाती | सोमवार, दुपारी २.५०

नमस्कार. माथेरानहून. आमचा घोड्यांचाच धंदा, वडिलांपासून. दस्तुरी नाक्यावरून पर्यटक घ्यायचे, बाजारपेठ, पॉइंट फिरवायचे, परत सोडायचे. गाड्यांना वर बंदी, त्यामुळे घोडा हाच आमचा संसार. इथे लिहायला संकोच वाटतो कारण शहरातले लोक आम्हाला घोड्यांना छळणारे समजतात.

आमचा एक जुना घोडा आहे, पांढरा. उतारावर डावीकडे वळताना मान वळवत नाही, सगळं अंगच फिरवतो. पेव्हर ब्लॉकचा रस्ता लागला की जास्त. मातीवर टाप रुतते, ब्लॉकवर पाय घसरतो, ओलं असलं की बघायलाच नको. ब्लॉक बसल्यापासून तो पुढून आखडूनच चालतो. उजव्या खांद्याकडे हात नेला की दात दाखवतो. ताप नाही, खातो व्यवस्थित, नाडी आत्ताच मोजली, ३८. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात बघितलंय, हाडाचं काही नाही म्हणाले, आराम द्या म्हणाले. सीझनला आराम कसा देणार.

संध्याकाळी धंदा आटपल्यावर माझ्याकडे दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात काय करता येईल ते सांगा. दात दाखवणाऱ्या घोड्याला कुठून सुरू करू?

पागेवाली | सोमवार, रात्री ८.३०

लालमाती, संकोच करू नका. नाडी मोजून मग प्रश्न विचारणारा इथे तुमच्याआधी कुणी आला नव्हता.

आधी खोगीर. आज संध्याकाळी उतरवल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्ये हाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे खोगीर इतकं दाबतंय, की घामही सुटत नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघा. तुमचा घोडा पांढरा, त्यामुळे जुन्या दाबाने पांढरे झालेले केस दिसणार नाहीत, बोटांनीच चाचपावं लागेल. खोगिराची मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. तिथून पुढे कंबरेला खाली बरगडीचा आधार नाही.

आता हात. घोड्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय आणि धड यांच्यात हाडाचा सांधाच नाही. सगळं धड खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, आणि उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर. उतारावर, वर माणूस बसलेला, पाय घसरतोय, अशा वेळी ती झोळी काय आवळत असेल! म्हणून तो खांदा राखतो. तुम्ही खांद्यापासून सुरुवात करू नका.

अंग निवल्यावर, सपाट जागी. आखूड बांधू नका, दोर सैल, दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर उत्तम. पुढ्यात घास नको, कारण चघळत असला तर तुम्हाला त्याचं तोंड वाचता येणार नाही. तुम्ही त्याच्या खांद्याला खांदा लावल्यासारखे उभे, गुडघे सैल, स्वतःचा श्वास चालू. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आपण श्वास रोखला की घोडाही सावध होतो.

ज्या बाजूला तो दात दाखवत नाही ती डावी बाजू आधी. वर लिहिलेली रेघ, कानापासून, पण पहिल्या दिवशी पाठीपर्यंतच. मग उजवीकडे या आणि मानेच्या वरच्या टोकापासून खाली उतरत या. तो कान मागे टाकायच्या आधी काहीतरी बारीक सांगतोच, डोळा मिचकावतो किंवा मान दोन बोटं वर घेतो. त्या खुणेला थांबा, हात कातडीपासून किंचित उचला पण काढून घेऊ नका. दात दिसले तर तुम्ही आधीची खूण सोडून दिलीत. खांद्यापर्यंत पोचलाच नाहीत तरी चालेल.

दोन-चार दिवसांनी तो तिथे हात ठेवू देऊ लागला की मान. एक हात नाकाच्या हाडावर, मुसकीच्या पट्ट्याजवळ, दुसऱ्या हाताची बोटं मानेच्या मणक्यांवर, वरून दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी. नाक स्वतःकडे दोन इंच येऊ द्या. ओढायचं नाही, विचारायचं. त्याने दिलं की सोडा, जरा हलवा, बोटं एक मणका खाली. असं करत मानेच्या बुडापर्यंत. मणके सात आहेत पण ते आयाळीपाशी नसतात, मानेच्या बुडाशी तर बरेच खाली असतात. पुष्कळ लोक नुसती आयाळच दाबत बसतात. जिथे नाक यायला नकार देतं तिथे थांबा, दाब काढा, दहा आकडे मोजा आणि पुन्हा विचारा.

तेल लावू नका. बोटं घसरतात आणि कातडीखालचं काही कळत नाही.

खवचट_खंडू | सोमवार, रात्री ९.१२

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली 'ओढायचं नाही, विचारायचं' हे तुम्हाला लागू होत नाही.

यॉर्कशायरकर | मंगळवार, पहाटे १.४५

इथे इंग्लंडमध्ये मी एका लिव्हरी यार्डवर, म्हणजे लोक पैसे देऊन आपले घोडे ठेवतात अशा पागेवर, अर्धवेळ काम करते. मूळची सांगलीची. इथे हे सगळं बोकाळलंय, दर तिसऱ्या माणसाकडे कार्ड आहे. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१५च्या आदेशाप्रमाणे दुखावलेल्या जनावरावर फिजिओथेरपी करायची तर आधी व्हेटने जनावर तपासलेलं असावं लागतं आणि उपचार त्याच्या निर्देशाखाली करावे लागतात. निरोगी घोड्याला आराम म्हणून मालिश करणं वेगळं. पण मसाज करणारा 'पेल्विस (कंबरेखालचं हाड) सरकलाय, मी बसवतो' म्हणाला की मी दार दाखवते. पाचशे किलोच्या घोड्याचा पेल्विस हाताने सरकत नाही आणि बसतही नाही.

लालमातींसाठी एक गोष्ट. गाजराचे व्यायाम. गाजर दाखवून घोड्याला हनुवटी छातीला लावायला, मग गुडघ्यांच्या मधे, मग पुढच्या खुरांपाशी न्यायला लावायचं. तसंच मान वळवून तंगापाशी, कुशीपाशी, मागच्या गुडघ्याकडे, दोन्ही बाजूंना. तिथे काही सेकंद धरून ठेवायला लावायचं. गाजर नसेल तर लसूणघासाची काडी. यात माणूस काही ओढतच नाही, घोडा स्वतः जेवढं झेपेल तेवढंच जातो. शिवाय एका बाजूला किती कमी वळतो ते तुम्हाला रोज मोजता येतं.

जनावरांचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७.०५

गाजराच्या व्यायामाला माझा पूर्ण पाठिंबा, कारण त्याला पुरावा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांकडून हेच व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतले. कण्याला लागून असलेला, मणके स्थिर ठेवणारा खोल स्नायू अल्ट्रासाउंडवर जाड झालेला दिसला. आठच घोडे, पण मोजलेलं आहे.

हलक्या हाताबद्दल म्हणाल तर १९९३चं एक काम मला आवडतं. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे खाजवतात. तिथे माणसाने तसंच खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी झाले, दुसऱ्या जागी केल्यावर झाले नाहीत. म्हणजे स्पर्शाने घोडा शांत होतो याला आधार आहे. त्यापुढे 'गाठ सुटली', 'ताण मोकळा झाला' हे मात्र आपण त्याच्या चेहऱ्यावरून म्हणतो. ओठ चाटणं म्हणजे आराम असंच नाही, घाबरल्यावर कोरडं पडलेलं तोंड पुन्हा ओलं होतानाही घोडा चाटतो आणि चघळतो. पोटात दुखत असतानाही जांभया देतो. बाई, त्याचं काय?

पागेवाली | मंगळवार, दुपारी १.१५

मान्य. म्हणूनच नुसतं चाटणं मी धरत नाही. चाटल्यावर त्याच जागेवरून पुन्हा हात नेते. पहिल्यांदा पापणी मिटली होती आणि आता मिटली नाही, मान आधीपेक्षा खाली राहिली, तर काहीतरी बदललं म्हणायचं. पुन्हा तीच खूण आली तर चाटण्याला अर्थ नव्हता. आणि जांभयांसोबत कुशीकडे बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं असेल तर मी तुम्हालाच फोन करते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

स्पष्टवक्ता_ठाणे | मंगळवार, दुपारी ३.३०

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून विचारतो. नव्वद किलोचा पर्यटक दिवसभर डोंगरावर वाहायचा आणि संध्याकाळी द्राक्षाएवढा दाब द्यायचा, हा ढोंगीपणा नाही का? ओझं कमी करा, मालिश आपोआप नको होईल.

पागेवाली | मंगळवार, संध्याकाळी ६.००

प्रश्न कडवट आहे पण चुकीचा नाही. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं, हा अमेरिकी घोडदळापासून चालत आलेला ठोकताळा. २००८ साली ओहायोत त्याची चाचणी झाली. पंचवीस आणि तीस टक्क्यांना घोड्यांचे ठोके चढलेले राहिले, स्नायू दुखरे झाले. आपल्याकडचं दख्खनी तट्टू तीनशे किलोचं धरलं तर वीस टक्के म्हणजे साठ किलो. त्यात खोगीर आलं. गणित तुम्हीच करा. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांनी ते गणित बदलत नाही, असं मी कुठल्याही घोडेवाल्याला तोंडावर सांगेन.

पण ढोंगीपणा म्हणणार नाही. घोडा आज दुखतोय आणि आजचा मालक आज विचारतोय. 'आधी व्यवस्था बदला' म्हणून त्याला परत पाठवायचं का?

लालमाती | मंगळवार, रात्री १०.२०

स्पष्टवक्ता साहेब, जाड गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर ते शेजारच्या घोड्यावर बसतं. आणि नाही म्हटलेलं गिऱ्हाईक चिडून बोलतं ते वेगळंच. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर होईल, एकट्याने नाही. आमच्या बैठकीत वजनाचा विषय काढतो, हसतील, पण काढतो. पांढऱ्यावर मात्र आता लहान पोरंच बसवतोय.

नालबंदाचा_नातू | बुधवार, सकाळी ९.१०

आणि खुरांचं काय झालं? फोटो टाका. पुढचे दोन्ही, समोरून, बाजूने, आणि पाय उचलून तळवा. सपाट जमिनीवर उभा करून काढा, उतारावर नको.

रिसालदार_नगर | बुधवार, सकाळी ११.४०

अवांतर: आषाढी वारीत माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीला चालत येतात, मग पंढरपूरपर्यंत वाट आणि मधे रिंगणात धाव. त्या घोड्यांची निगा राखणाऱ्यांपैकी कुणी इथे असेल तर लिहा. एवढ्या गर्दीत, वाद्यांत घोडा शांत ठेवणं हे मोठं काम. आणि लोक दर्शन म्हणून सारखे हात लावतात ते घोड्याला कसं वाटत असेल, हा प्रश्न धागा वाचून पहिल्यांदा पडला.

लालमाती | शुक्रवार, रात्री ९.०५

दिलेल्या सांगण्याप्रमाणे रोज करतोय. खोगिराचा ठसा बघितला. उजवीकडे खांद्यामागे तळहाताएवढं कोरडं, डावीकडे सगळं ओलं. खोगिरातलं भरण त्या बाजूला गोळा झालंय, ते उसवून परत भरायला दिलंय, तोवर भावाचं खोगीर वापरतो.

हाताचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मानेच्या अर्ध्यापर्यंतच गेलो. दुसऱ्या दिवशी पोरगा बघत होता, तो म्हणाला बाबा, तुम्ही हात लावायच्या आधीच तो खालचा ओठ ताणतोय. खरंच होतं. मग हात अजून लांब ठेवला. काल पहिल्यांदा उजव्या खांद्यावर तळवा टेकवू दिला. दात नाहीत, कानही सरळ. फुरफुरला आणि माझ्या बंडीला नाक पुसलं. घासाच्या काडीने डावीकडे मान तंगापर्यंत नेतो, उजवीकडे तेवढ्याच सोप्या रीतीने कुशीपर्यंत. डावीकडे अजून फारसा फरक नाही, खोटं कशाला सांगू. वळताना अंगच फिरवतो, थोडं कमी.

नालबंद परवा सकाळी येतोय. आत्ताचे नाल ठोकून दीड महिन्याच्या वर झालंय. नातूसाहेब, नाल काढले की खुरांचे आणि काढलेल्या नालांचे, दोन्ही फोटो टाकतो. उजव्या पुढच्याची बाहेरची कड मला जास्त झिजलेली वाटते, पण तुम्ही बघून सांगा.